बोटीवरची गादी वरून नाही, खालून भिजते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत बोटीवर झोपायला बिछाना कसा निवडावा यावर लेख आला होता, तो वाचला, फोटो तर दोनदा बघितला, पांढरीशुभ्र चादर, सात उशा (मोजल्या मी), पायाशी घडी घातलेली मखमली दुलई, आणि सल्ला काय तर जाड मेमरी फोमची गादी घ्या, उंची चादर घाला, हॉटेलसारखी झोप लागेल. ज्यांनी कुणी लिहिलंय त्यांना नावं ठेवायची नाहीत मला, पण त्या बिछान्यावर ते सलग पंधरा दिवस झोपलेले नाहीत एवढं पैजेवर सांगते. झोपले असते तर लेख चादरीपासून सुरूच झाला नसता, गादीच्या खालच्या बाजूपासून झाला असता.

आम्ही दोघं, मी आणि नवरा, एका छोट्या शिडाच्या बोटीवर गेली सहा वर्षं येऊन जाऊन राहतोय, कधी चार दिवस कधी चार महिने. पहिल्या वर्षी आम्हीही अगदी लेखात लिहिलंय तेच केलं. १५ सेंटिमीटर मेमरी फोम आणि वर पुन्हा टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायची पातळ गादी. दुकानात आडवं पडून बघितलं, अहाहा. बोटीवरही पहिले दहा दिवस मजेत गेले, मग केबिनमध्ये एक वास यायला लागला, बंद कपाटात ओली छत्री विसरली की येतो ना तसा. मी बिल्जला दोष देत बसले, म्हणजे बोटीच्या तळात जिथे पाणी साचतं ती जागा, दोनदा घासून पण काढली. तिसऱ्या आठवड्यात खालच्या कप्प्यातून दोर काढायचा म्हणून गादी उचलली तर खालची अख्खी बाजू ओलीचिंब, हाताला गारढोण, आणि त्यावर काळे ठिपके, माझ्या कंबरेखाली सगळ्यात दाट, नवऱ्याच्या खांद्याखाली दाट, कोण कसं झोपतं त्याचा छापच उठला होता म्हणा ना. वरून मात्र गादी ठणठणीत कोरडी. नवरा म्हणाला, "अगं वरून कुठे गळतंय का बघ." कुठेही गळत नव्हतं. ते पाणी आमचंच होतं.

झोपलेला माणूस रात्रभर श्वासातून आणि घामातून पाणी सोडत असतो, दोघांचं मिळून आठ तासांत अर्धा लिटर तरी धरा, उकडत असेल तर बरंच जास्त. घरात ते खोलीभर पसरतं, खिडकीतून निघून जातं, पलंगाखालूनही हवा खेळते. बोटीत केबिन एवढीशी, गादी एका सलग फळीवर, फळीखाली बंद कप्पा, त्याच्या पलीकडे बोटीचं अंग आणि त्याच्या पलीकडे थेट पाणी, म्हणजे जितकं गार पाणी तितकीच गार ती बाजू. अंगाच्या उबेने वाफ फोममधून खाली खाली जाते आणि गार फळीपाशी पोचली की तिचं पाणी होतं, गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम फुटतो तसंच. आकडाच हवा असेल तर केबिनची हवा २५ अंश आणि दमटपणा ६० टक्के असला तर साधारण १७ अंशांखाली गार असलेल्या कुठल्याही गोष्टीवर पाणी धरतं, आणि माणसाखाली दबलेल्या गादीत दमटपणा कसला ६० वर थांबतोय, त्यामुळे तिथे एवढा गारवाही लागत नाही. त्यात आपण आत गॅसवर काही शिजवलं तर अजून भर, एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते, हे मला कळलं तेव्हा मी चहा टाकताना आधी हॅच, म्हणजे केबिनच्या छतातली झडप, उघडायला लागले.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की बोटीवर बिछाना घेताना पैसे आणि डोकं दोन्ही खालून वर खर्च करत यावं. आधी गादीखाली हवा, मग गादी, मग खोळ, आणि चादरी उशा सगळ्यात शेवटी. लेखात नेमकं उलटं होतं.

हवेसाठी फार काही लागत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे सलग फळीऐवजी लाकडी पट्ट्या, मधे दोन तीन बोटांची फट. तेवढी कटकट नको असेल तर प्लायवूडला मोठमोठी भोकं पाडायची, चार पाच सेंटिमीटर व्यासाची, पण आधी ती फळी नुसती टेकवलेली आहे की बोटीच्या अंगाला चिकटवून बसवलेली आहे ते बघा, कारण काही बोटींत ती फळी बोटीला मजबुती देत असते, तिथे भोकं पाडणं म्हणजे घराच्या तुळईला भोकं पाडण्यासारखं. आणि भोकाच्या कडेला इपॉक्सी किंवा वॉर्निश लावाच, प्लायवूडच्या कापलेल्या कडा स्पंजासारखं पाणी पितात. तिसरा मार्ग म्हणजे प्लॅस्टिकच्या ताठ तारांची गुंतवळ असलेली जाळीची चटई मिळते, दोन एक सेंटिमीटर जाड, ती गादीखाली अंथरायची. आम्ही भोकंही पाडली आणि चटईही घातली. गादीची जी बाजू बोटीच्या अंगाला टेकते तिथेही हीच चटई उभी करून लावली, हे बहुतेक सगळे विसरतात आणि मग गादीची नेमकी तीच कड काळी पडते.

आणि एवढं सगळं करूनही सकाळी गादी उचलून उभी करायचीच. दहा मिनिटं का होईना. कंटाळा येतो, मान्य आहे. पण जुने खलाशी काय करायचे बघा, युरोपियन लोकांनी झुला म्हणजे हॅमॉक पाहिला तो कोलंबस १४९२ मध्ये बहामा बेटांवर उतरला तेव्हा, तिथले लोक सुती जाळीच्या झुल्यात झोपायचे, नंतर १५९७ मध्ये इंग्लंडच्या नौदलाने तो जहाजांसाठी अधिकृतपणे घेतला. माणशी जागा किती, तर १४ इंच! निम्मे लोक पहाऱ्यावर असायचे म्हणून झोपणाऱ्याला प्रत्यक्षात दुप्पट मिळायची एवढंच. पण रोज सकाळी हुकूम झाला की प्रत्येकाने आपला झुला अंथरुणासकट घट्ट गुंडाळून बांधायचा आणि वर डेकच्या कडेला जाळ्यांमध्ये नेऊन रचायचा. लढाईत बंदुकीच्या गोळ्या आणि लाकडाच्या चिरफळ्या अडायच्या त्याने, आणि एरवी त्याच निमित्ताने रोज खालच्या कोंदट डेकवरून अंथरूण बाहेर वाऱ्यावर यायचं. झुल्याला तर खालून फळीच नाही, म्हणजे निम्मा प्रश्न तिथेच मिटला. आपण पंधरा सेंटिमीटरची लादी फळीवर चिकटवून ठेवतो आणि म्हणतो वास कुठून येतोय.

आता गादी. मेमरी फोमचा जन्म १९६६ सालचा, नासासाठी विमानाच्या सीटची गादी बनवताना तो तयार झाला, आणि सीटला तो झकासच असणार. पण तो तापमानावर चालतो. गारठ्यात दगड होतो, आडवं पडलं की पाच दहा मिनिटं फळीवरच झोपल्यासारखं वाटतं, आणि उन्हाळ्यात अंगाची ऊब धरून ठेवतो, वर हवाही त्यातून कमीच खेळते. एकदा ओला झाला की वाळता वाळत नाही, आमचा उन्हात उभा केला तर चौथ्या दिवशी मधोमध दाबल्यावर अजून ओल लागत होती. त्यापेक्षा साधा पण चांगल्या घनतेचा पॉलियुरेथेन फोम घ्या, घनमीटरला ३५ किलो किंवा त्याहून जास्त. हा आकडा दुकानदाराला विचारायचा, "सॉफ्ट हवा की हार्ड" या प्रश्नाला भुलायचं नाही, कारण मऊपणा वेगळा आणि घनता वेगळी, कमी घनतेचा फोम हार्ड असला तरी वर्षा दोन वर्षांत बसतो. जाडी १० सेंटिमीटरपेक्षा कमी नको, १२ ते १५ असेल तर उत्तम, पण त्याआधी गादीच्या जागी तेवढ्या उंचीवर बसून बघा डोकं वर आपटतंय का, आमच्या पहिल्या गादीवर नवरा उठून बसला की रोज ठण्ण व्हायचं. कुशीवर वळल्यावर कंबर फळीला लागते का हीच खरी परीक्षा, पाठीवर पडून काही कळत नाही. लेटेक्स हा दुसरा चांगला पर्याय, मस्त उसळता असतो, आणि बनवतानाच त्यात आरपार भोकं असतात त्यामुळे हवा खेळते, पण वजन फार, रोज उचलायची म्हटल्यावर मनगटाला विचारून घ्या. स्प्रिंगची गादी मी तरी घेणार नाही, खाऱ्या हवेत पोलाद गंजतं हे एक, आणि काही बोटींत ऑटोपायलटचा इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नेमका बंकखालच्या, म्हणजे झोपायच्या फळीखालच्या, कप्प्यात बसवलेला असतो, त्याच्या डोक्यावर शंभर दोनशे पोलादी स्प्रिंगा ठेवल्या तर बोट कुठल्या दिशेला जाईल देव जाणे.

बंद पेशींचा फोम म्हणून एक असतो, पाणी बिलकूल पीत नाही, बाहेर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या जागेत, बसायला छान. त्यावर झोपायचा सल्ला कुणी दिला तर त्याला आधी एक रात्र झोपवा त्यावर.

बोटीच्या गादीचा आकार हा तर वेगळाच तमाशा आहे. नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडची, बर्थ त्रिकोणी, डोक्याशी रुंद आणि पायाशी निमुळती, दोघांचे पाय एकमेकांत अडकतात, आणि बोटीचं अंग खालून वर पसरत जातं त्यामुळे गादीची वरची कड खालच्या कडेपेक्षा मोठी लागते. मी मोठ्या हौसेने फळीवर ब्राऊन पेपर अंथरून पेन्सिलने माप काढलं, फक्त खालचं. गादी आली, टाकली, तर वरच्या बाजूला बोटीच्या अंगाशी चार बोटांची फट. त्या फटीत पहिल्या आठवड्यात चष्मा, टॉर्च, एक मोजा आणि नवऱ्याच्या पुस्तकातली खूण गेली. म्हणजे दोन कागद काढायचे, एक खालच्या पातळीवर आणि एक गादीच्या जाडीइतकं वर येऊन, आणि फोमवाल्याला दोन्ही द्यायचे, तो कड तिरकी कापतो. आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, ही बाजू वर, हे डोकं, हे पाय, डावी, उजवी. आम्ही लिहिलं नव्हतं म्हणून दोन्ही बाजूंच्या बर्थसाठी डावीकडच्याच गाद्या कापून आल्या. फोमवाल्याचा काय दोष, त्याच्या हातात बाण नसलेला कागद. माप अर्धा एक सेंटिमीटर मोठं ठेवा, फोम दबून घट्ट बसतो.

खालच्या कप्प्यांसाठी गादी तुकड्यांत लागते तेव्हा जोड कंबरेखाली आडवा येऊ देऊ नका, उभा घ्या, दोघांच्या मधे. आडवाच घ्यावा लागला तर वरून एक सलग पातळ टॉपर टाका, तो रोज गुंडाळून काढता येतो आणि वाळतोही पटकन. खोळीला चेन प्लॅस्टिकची, धातूची एका मोसमात जाम होते. खोळीची खालची बाजू जाळीच्या कापडाची शिवून घ्या आणि नवीन गादीवरचं प्लॅस्टिक ओलीपासून वाचेल म्हणून ठेवू नका, त्याच्या आतच ओल साठते. हे मी सांगायला नको असं वाटतं पण आमच्या शेजारच्या बोटीवर दोन वर्षं ते प्लॅस्टिक तसंच होतं, झोपल्यावर रात्रभर चुरचुर आवाज.

चादरींचं थोडक्यात. शंभर टक्के सुती चादर अंगाला छान पण दमट हवेत वाळायला वेळ घेते, सुती आणि पॉलिस्टर मिसळलेली लवकर वाळते, इलॅस्टिक लावून बर्थच्या आकाराची शिवून घेतली की रात्रीत सुटून गोळा होत नाही. पिसांची दुलई नको, ओल लागली की पिसं चपटी होतात आणि ऊब जाते, पोकळ सिंथेटिक तंतूंची रजई ओली झाली तरी थोडी तरी ऊब देते आणि धुता येते. लोकरीची घोंगडी मात्र खरंच जादू आहे, लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. दोघांना दोन वेगळी पांघरुणं, हे माझं ठाम मत आहे, एकजण पहाऱ्याला उठला की दुसऱ्याचं पांघरूण त्याच्याबरोबर जात नाही. उशा दोन पुरेत. सात उशा रात्री कुठे ठेवायच्या हे तुमच्या लेखकांनी सांगितलंच नाही. आमच्याकडे सावरीच्या कापसाची एक जुनी उशी आहे, सावरीचा धागा आतून पोकळ आणि बाहेरून मेणचट, पाणी धरत नाही, एकेकाळी लाइफ जॅकेटमध्ये हाच कापूस भरायचे, उन्हात टाकली की फुलून येते. गाठी होतात तिच्या, पण माझी आवडती आहे. मात्र ज्योतीपासून लांब ठेवायची, चटकन पेटतो हा कापूस. रंगाचं म्हणाल तर सगळे गडद घ्या म्हणतात, डाग दिसत नाहीत म्हणून, मी फिक्याच घेते, डाग दिसलाच पाहिजे, पहिल्या ठिपक्याला दिसला तर धुवून जातो.

मीठ. हे एक कुणी आधी सांगत नाही. समुद्राच्या पाण्यात भिजलेली चादर उन्हात वाळवली तरी संध्याकाळी पुन्हा ओलसर लागते, कारण हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतून पाणी ओढतं, समुद्रातल्या मिठात दुसरे क्षार असतात ते तर त्याच्याही आधी ओढतात. एकदा का मीठ गादीत गेलं की ती गादी कायमची ओली समजा. गोड्या पाण्यात धुवायचं, दुसरा इलाज नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे, खारे कपडे घालून बंकवर बसायचं नाही, अगदी "जरा टेकते" म्हणूनसुद्धा नाही, आणि बाहेर वाळत घातलेलं अंथरूण ऊन उतरायच्या आत आत घ्यायचं, दव पडायच्या आधी.

ओल ओढायला कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, तेही लेखात होते, चांगले असतात पण ते पाणी डब्यातच साठवतात आणि बोट कलते हे डब्याला माहीत नसतं. आमचा एक सांडला बरोबर गादीवर. ते द्रावण वाळत नाही. म्हणजे वाळतच नाही. दोन महिन्यांनीसुद्धा तो भाग चिकट. डबा सिंकमध्ये ठेवा, बंकवर कधीच नाही.

अजून एक, नांगरावर झोपणं आणि चालत्या बोटीत झोपणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे आणि लेखात सगळं वर्णन शांत नांगरावरचं होतं. लाटांत नाळ सगळ्यात जास्त वर खाली होते, तिथली ती ऐसपैस बर्थ तेव्हा काही कामाची नाही, मधल्या भागात खालच्या बाजूला, बोट ज्या अंगाला कललीय त्या बाजूची अरुंद बर्थ घ्यायची, ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद, बाजूला ली क्लॉथ म्हणजे मोकळ्या बाजूने बांधायचा कापडी आडोसा. तिथे गादी कडकच बरी, मऊ असली की प्रत्येक हेलकाव्याला शरीर लोळतं आणि ते आवरायला झोपेतही स्नायू ताणलेले राहतात, सकाळी अंग ठेचल्यासारखं. रजई गुंडाळून पाठीमागे पाचर मारल्यासारखी ठोकायची, मग छान लागते झोप.

शेवटचा मुद्दा जरा गंभीर आहे. फोटोत बर्थच्या वरच्या हॅचखाली उशांचा ढीग होता, आणि खिडकीत मेणबत्ती. पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात, एवढ्याशा केबिनमध्ये उठायलाही वेळ मिळत नाही. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाच्या डायव्हिंग बोटीला पहाटे आग लागली तेव्हा खाली बंकमध्ये झोपलेली ३४ माणसं गेली, तिथला आपत्कालीन मार्ग बंकच्या वर होता आणि जिना व तो मार्ग दोन्ही एकाच खोलीत उघडत होते. तेव्हा फोम घेताना आगरोधक प्रतीचा मागा, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेत लावा, आणि डोक्यावरचं हॅच रात्री अंधारात, डोळे मिटून, एका हाताने उघडता येतंय का हे पहिल्याच रात्री करून बघा. उशा खाली पडल्या तर पडू देत.

संपादकसाहेब, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा एक विनंती, फोटो वरून नको, गादी उचलून खालच्या बाजूचा छापा. तुमच्याकडे नसेल तर माझ्याकडे आहे, पहिल्या वर्षीचा, माझी कंबर आणि नवऱ्याचा खांदा दोन्ही स्पष्ट दिसतायत.

कळावे,
आपली,
रोज सकाळी गादी उभी करणारी एक वाचक